मदत हवी आहे: थायरॉईडचा डोस स्थिरच होत नाही, पुन्हा १५० घेऊ का?

सायली_बडोदे

नमस्कार. इथे थायरॉईडची गोळी घेणारे बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लांब झालंय, पण कृपया पूर्ण वाचा.

मी बडोद्याची, मांजलपूरला राहते. वय ४१, वजन ५८ किलो. गुजराती माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. २०२१ मध्ये थायरॉईड कमी असल्याचं निघालं. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉईड कमी पडला की हा आकडा चढतो आणि गोळी जास्त झाली की उतरतो) २२.४, फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ (ग्रंथीवर उठलेल्या अँटीबॉडी) भरपूर वाढलेलं. हाशिमोटो आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उठली आहे आणि गोळी कायमची, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीपासून सुरुवात, मग ७५, मग १००. शंभरावर टीएसएच २.१ आला आणि पुढे बराच काळ तसाच राहिला. मी हा आजार जवळजवळ विसरून गेले होते.

गेल्या डिसेंबरापासून मात्र सगळं बिघडलं. आकडे असे:

डिसेंबर, १०० वर असताना ७.८. डोस १२५ केला.
मार्च, १२५ वर ५.९. डोस १५० केला.
जून, १५० वर ०.११. डोस एकदम १०० वर आणला.
ऑगस्ट, १०० वर ९.४. परत १२५.
आता, १२५ वर ६.८. डॉक्टर म्हणतात परत १५० करा.

जूनमध्ये जे झालं त्याची मला अजून भीती वाटते. बसल्या जागी नाडी ११० च्या वर, हात थरथरायचे, रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड. आणि आता बरोबर उलटं. संध्याकाळी घरी आलं की पाय सुजलेले असतात, आवाज घोगरा झालाय, बद्धकोष्ठ, त्वचा कोरडी. फळ्याजवळ उभी असते आणि रोजचा शब्द आठवत नाही, मुलं वाट बघत राहतात. या नवरात्रात मी एकही रात्र गरब्याला गेले नाही. बडोद्याच्या बाईला हे किती लागतं ते इथल्या बडोदेकरांना कळेल.

घरचे प्रेमळ आहेत, पण "थायरॉईड काय, हल्ली घरोघरी असतो" हे वाक्य ऐकून मी थकले आहे. घरोघरी असेल, पण माझ्या घरी तो ऐकत नाहीये.

गोळी रोज सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याबरोबर घेते. चहा त्यानंतर तासाभराने. कधी चुकत नाही. मग तोच डोस एकदा कमी आणि एकदा जास्त कसा पडतो? १५० घेऊ का थांबू? असं कुणाचं झालंय का?

अबोली

सायलीताई, माझा अगदी असाच झोका झाला होता, फक्त उलट क्रमाने. डोसाबद्दल मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण एक विचारते. थायरॉईडची सोडून दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? टॉनिक, व्हिटॅमिन, पोटासाठी, केसांसाठी, अगदी किरकोळ वाटेल तेही लिहा. आणि कुठली किती वाजता, तेही.

हिरवा_चाफा

माझ्या वहिनीने कोबी, फ्लॉवर, सोयाबीन सगळं बंद केलं आणि कांचनार गुग्गुळ सुरू केला. चार महिन्यांत गोळी सुटली. आयुर्वेदावर श्रद्धा ठेवा ताई, या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात.

रावपुरा_मेडिकल

हिरवा_चाफा, तुमच्या वहिनी बऱ्या आहेत याचा आनंद आहे. काहींचा थायरॉईड, विशेषतः बाळंतपणानंतरचा, आपसूक ताळ्यावर येतो, तेव्हा गोळी सुटू शकते. पण टीएसएच २२ आणि अँटीबॉडी वाढलेल्या बाईने दुसऱ्याचं ऐकून गोळी सोडणं धोक्याचं आहे. कृपया असा सल्ला देऊ नका. हाडांना आणि हृदयाला त्रास होतो तो डोस गरजेपेक्षा जास्त होऊन टीएसएच बराच काळ अगदी खाली राहिला तर. नेमक्या डोसाने नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून रोजच्यासारखे खायला हरकत नसते. सोयाबीन मात्र गोळीच्या वेळेपासून लांब ठेवावं, त्याने गोळी कमी शोषली जाते.

सायलीबेन, माझं रावपुऱ्यात औषधांचं दुकान आहे, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. कंपनी बदलली होती का? थायरोनॉर्म असो, एलट्रॉक्सिन असो, आत औषध तेच, लेव्होथायरॉक्सिन. पण हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका कंपनीची गोळी दुसरीपेक्षा थोडी जास्त किंवा कमी लागू पडली तरी टीएसएचमध्ये ते दिसू शकतं. म्हणून एकच कंपनी धरून राहावं, आणि नाइलाजाने बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी. दुसरं, गोळ्या त्यांच्या मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट. उष्णता, उजेड आणि दमट हवा, तिन्हींनी ही गोळी खराब होते. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावरचं कपाट किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. गॅसजवळ, खिडकीत किंवा उन्हातल्या गाडीत बाटली ठेवू नका.

सायली_बडोदे

अबोली, रावपुरा_मेडिकल, मनापासून आभार. कंपनी पहिल्यापासून एकच आहे. बाटली झोपायच्या खोलीतल्या कपाटात असते.

बाकीची औषधं: हिमोग्लोबिन ९.८ आहे, म्हणून लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. अॅसिडिटीची पँटोप्राझोल ४०, सकाळी उपाशीपोटी, ती थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेते, कारण दोन्हींच्या चिठ्ठीवर उपाशीपोटी असंच लिहिलंय. आणि केसांसाठी बायोटिनची गोळी, ती त्वचेच्या डॉक्टरांनी दिली आहे.

लॅबमधली_मी

सायली, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बायोटिन वाचलं आणि थांबले. केसांच्या गोळ्यांत बायोटिन बहुतेकदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे हे शेकडो पट झालं. शरीराला त्याचा अपाय सहसा होत नाही, पण आमच्या बऱ्याच मशिनांची टीएसएच मोजायची पद्धतच बायोटिनवर उभी आहे. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा खाली दिसतो आणि टी-४ खोटा वर. बिचारा रुग्ण ठीक असतो आणि रिपोर्ट म्हणतो डोस जास्त झालाय. तो ०.११ असाच आला नसेल ना? रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवायची असते, आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगायचं.

शिवाय टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून दर वेळी एकच लॅब, एकच वेळ, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. गोळी घेऊन आलात तर पुढचे काही तास फ्री टी-४ चढलेला दिसतो.

सायली_बडोदे

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. पण बायोटिन मी ऑगस्टनंतर सुरू केलंय, जूनमध्ये ते नव्हतं. आणि जूनची धडधड खरी होती, इसीजीतही नाडी जलद आली होती. म्हणजे ते ०.११ खरंच असावं?

लॅबमधली_मी

हो, मग खरंच असावं. मी जूनपुरतं मागे घेते. पण मग आताच्या ६.८ कडे जरा वेगळ्या नजरेने बघा. बायोटिन घेत असताना तो आकडा आलाय, तर खरा टीएसएच त्याहून जास्तही असू शकतो. दोन दिवस सोडून परत तपासा.

अबोली

सायलीताई, मला पँटोप्राझोलबद्दल विचारायचंय. ती कधीपासून चालू आहे? आणि मे-जूनमध्ये चालू होती का? नीट आठवून सांगा.

सायली_बडोदे

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुरू झाली. छातीत जळजळ फार व्हायची.

मे महिन्यात सुट्टी होती, मी मुलांना घेऊन माहेरी इंदूरला होते. आईकडे साधं जेवण, वेळेवर झोप, शाळेची धावपळ नाही. जळजळ बंद झाली म्हणून अॅसिडिटीची गोळी बंद केली होती. लोहाचीही संपली होती. शाळा उघडल्यावर जूनच्या शेवटी परत सुरू झाल्या.

अबोली, तुम्ही हेच शोधत होतात का? लिहिताना माझे हात थांबले.

अबोली

हो ताई. आता तुमचे आकडे परत लावून बघा, डोसाच्या शेजारी पँटोप्राझोल लिहून. ती नव्हती तेव्हा १०० वर २.१. ती आली आणि ७.८, ५.९. मे महिन्यात ती गेली, डोस मात्र वाढवलेला १५०, म्हणून ०.११. ती परत आली, डोस उतरवलेला, म्हणून ९.४. तुमची थायरॉईड ग्रंथी वर्षभर बहुधा तिथेच आहे. गोळीतलं किती औषध रक्तात पोचतंय, ते बदलतंय.

ही गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही कुळी आम्लच कमी करते. रोज घेणाऱ्यांना थायरॉईडचा डोस वाढवावा लागू शकतो हे डॉक्टरांना माहीत असतं, पण त्यासाठी दोन्ही चिठ्ठ्या एकाच्या हातात पडायला हव्यात. माझ्या बाबतीत पोटाचे डॉक्टर वेगळे, थायरॉईडचे वेगळे. मधे फक्त मी.

आणि दोन गोळ्यांमध्ये तासाभराचं अंतर ठेवून हे फारसं सुटत नाही. लोह आणि कॅल्शियम पोटात या औषधाला चिकटून बसतात, तिथे चार तासांचं अंतर पुरतं, आणि ते तुमचं आहेच. पण पँटोप्राझोलचा परिणाम दिवसभर टिकतो. त्यामुळे प्रश्न वेळेचा नाही, ती रोज लागतेच का हा आहे.

मेघदूर

मी डॉक्टर आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी म्हणून वाचा.

अबोली यांनी जे जोडलं ते मला पटतं. त्यात एक भर. ज्यांची ग्रंथी जवळजवळ काम करत नाही अशा प्रौढ माणसाला पूर्ण डोस साधारण दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम लागतो. तुमचं वजन ५८, म्हणजे ९३ च्या आसपास. शंभरावर तुम्ही बऱ्या होतात हे त्याच्याशी जुळतं. त्याच वजनाला १२५ देऊनही टीएसएच ६.८ राहतोय, तर डोस आणखी चढवण्याआधी औषध जातंय कुठे हे विचारायला हवं.

मला जास्त काळजी तुमच्या ९.८ हिमोग्लोबिनची आहे. लोह चालू असून ते वर येत नाहीये का? पाळी जास्त जाते का? (थायरॉईड कमी असतानाही पाळी जास्त जाऊ शकते, हे लक्षात ठेवा.) कारण लोहही आम्ल असलं तर नीट शोषलं जातं. हाशिमोटोबरोबर दोन गोष्टी इतरांपेक्षा जास्त आढळतात. एक, जठराच्या अस्तराचा स्वप्रतिकारक आजार, ज्यात आम्ल कमी होतं आणि लोह व बी-१२ दोन्ही घसरतात. दुसरी, सिलियाक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजणं. एच. पायलोरी हा जठराचा जंतूही जळजळ, लोहाची कमतरता आणि गोळीचं कमी शोषण, तिन्ही करू शकतो. म्हणजे जळजळ, रक्त कमी आणि डोस न बसणं ही तीन वेगळी दुखणी नसून एकाच ठिकाणची असू शकतात. असतीलच असं नाही.

डॉक्टरांना विचारा: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, सिलियाकसाठी टीटीजी-आयजीए आणि त्याबरोबर एकूण आयजीए, आणि एच. पायलोरी. एच. पायलोरीची श्वासाची किंवा शौचाची तपासणी पँटोप्राझोल चालू असताना खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते. कधी ते डॉक्टर ठरवतील. आणि एक कळकळीची विनंती. सिलियाकचं वाचून गहू आजच सोडू नका. भाखरी, ठेपले नेहमीसारखे खा. गहू बंद करून तपासणी केली तर अँटीबॉडी उतरतात आणि आजार असून सापडत नाही.

पँटोप्राझोलही स्वतःहून एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतल्यावर अचानक सोडली की काही दिवस आम्ल उसळून जळजळ पूर्वीपेक्षा वाढते आणि माणूस घाबरून परत घेतो. आणि मुख्य म्हणजे ती थांबली की आत्ताचाच डोस तुम्हाला जास्त पडेल, जूनसारखा. दोन्ही बदल एकत्र ठरवायचे असतात.

विश्वामित्री_काठ

मी ७३ वर्षांचा, कारेलीबागेत राहतो. हृदयात स्टेंट आहे, त्यामुळे माझी सुरुवात १२.५ पासून झाली आणि फार हळू चढवली. तेव्हा मला राग यायचा की एवढ्याशा गोळीने काय होणार. डॉक्टरांनी सांगितलं की एकदम जास्त दिलं तर हृदयावर ताण येतो आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. सायलीबेटा, तू १५० ला घाबरतेस ते बरोबर आहे. डॉक्टरांना जूनची धडधड परत एकदा स्पष्ट शब्दांत सांग. आपण घाईत फक्त रिपोर्ट पुढे करतो आणि ते आकडा बघून लिहितात.

अजून एक. औषध बदललं की आठ-दहा दिवसांत फरक शोधू नकोस. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. नवा डोस स्थिरावून टीएसएचमध्ये दिसायला सहा आठवडे तरी जातात. माझी सौ. रोज सकाळी विचारायची, आज बरं वाटतंय का? तिला हे कळल्यावर आम्हा दोघांचा जीव शांत झाला.

सायली_बडोदे

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. मेघदूर, तुमचा तर छापून घेतलाय. हिमोग्लोबिन लोह घेऊनही वर येत नाहीये, वर्षभर साडेनऊ-दहाच्या मधेच आहे. पाळी जास्त जाते हेही खरं.

सगळं एका कागदावर लिहिलं. डावीकडे महिने आणि टीएसएच, मधे डोस, उजवीकडे पँटोप्राझोल चालू की बंद. उद्या जाते आहे.

सायली_बडोदे

डॉक्टरांनी कागद नीट वाचला. दोनदा वाचला. मे महिन्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे आधी समोर असतं तर जूनमध्ये डोस इतका खाली आणला नसता. १५० रद्द. तूर्त १२५ च. पोटाच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोर फोन केला, याचं मला फार बरं वाटलं.

ठरलं ते असं. रक्ताच्या तपासण्या आधी. पँटोप्राझोल ४० ची २० करायची, मग एक दिवसाआड, मग बंद, आणि बंद केल्यावर दोन आठवड्यांनी एच. पायलोरी. जळजळ झाली तर साधं अँटासिड, पण तेही थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. नाडी सकाळी मोजून लिहायची, बसल्या जागी १०० च्या वर सलग राहिली तर फोन करायचा, म्हणजे डोस लगेच उतरवता येईल. बायोटिन तपासणीपुरतं नाही, पूर्णच बंद. केस गळतात ते थायरॉईड आणि लोहामुळे असण्याची शक्यता जास्त, आधी ते भरून काढू असं म्हणाले.

टीटीजी आज आला, नॉर्मल आहे, एकूण आयजीएही ठीक. म्हणजे सिलियाक बहुधा नाही. फेरिटिन ६ आणि बी-१२ कमी. त्यामुळे आता जठराकडे संशय आहे, दुर्बिणीची तपासणी करायची का हे एच. पायलोरीनंतर ठरेल. थोडी धास्ती आहे, पण शोध योग्य जागी चाललाय असं पहिल्यांदाच वाटतंय.

अबोली

ताई, हे वाचून डोळे भरून आले. पँटोप्राझोल पूर्ण बंद झाल्याची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा आणि पुढचा टीएसएच तिथून सहा ते आठ आठवडे मोजून करा. मधेच केला तर आकडा अर्धवट येईल आणि परत गोंधळ होईल.

रानजाई

मी हा धागा आईसाठी वाचत होते. तिला सकाळी लवकर जाग येत नाही आणि उठल्याबरोबर चहा लागतोच, त्यामुळे थायरॉईडची गोळी चहाबरोबर जाते. रात्री झोपताना घेतली तर चालते का? कॅल्शियम ती रात्रीच घेते.

रावपुरा_मेडिकल

चालते, डॉक्टरांना सांगून. जेवणानंतर तीन तास तरी झालेले हवेत, म्हणजे आठला जेवलं तर अकराला गोळी. मग कॅल्शियम दुपारच्या जेवणात हलवा, रात्री नको. आणि एकदा वेळ बदलली की तीच ठेवा, सहा आठवड्यांनी टीएसएच बघा.